लिस्बनची कचेरी व वसईचा कारभार

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत पूर्वजांच्या काळाविषयीं कांहीं लिहावें अशी मंडळींची सूचना आली, तेव्हां प्रथम डोळ्यांपुढें उभे राहिले ते किल्ल्याचे बुरूज, तोफा व पडके मठ. परंतु त्यांविषयीं पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे. ज्या सत्तेखालीं वसई-साष्टीचा हा मुलूख दोनशें वर्षें राहिला ती सत्ता रोजच्या रोज चालत होती कशी, कप्तान कोण नेमीत असे, हुकूम कोठें लिहिला जात असे, हिशेब कोण ठेवीत असे, हें मात्र क्वचितच कोणी सांगतो. आणि मौज अशी कीं, त्या कारभाराच्या खुणा किल्ल्याच्या तटापेक्षां आपल्या तोंडीं अधिक शाबूत राहिल्या आहेत. 'पगार' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, 'तुरुंग' त्यांचाच, आणि 'लिलाव' हाहि त्यांचाच. या तीन शब्दांत त्या कारभाराचा बराच भाग येऊन जातो, हें वाचकांस पुढें दिसून येईल. उलट त्यांनींहि आपला 'ठाणेदार' उचलला व त्याचा 'तानादार' करून आपल्या दफ्तरांत लिहून ठेवला.

२३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख, त्यांत मुंबईचीं बेटेंहि आलीं, तहानें पोर्तुगीज गव्हर्नर नूनो द कुन्हा याच्या स्वाधीन केला. तेव्हांपासून १७३९ च्या मे महिन्यापर्यंत आपल्या गांवांचा अखेरचा धनी हजारों कोस दूर लिस्बनमध्यें बसत होता. त्या धन्यानें वसई कधीं डोळ्यांनीं पाहिली नाहीं. त्याला जी वसई ठाऊक होती ती कागदावरची.

आरंभीं या कागदांसाठीं एक अशी कचेरी नव्हती. जहाजें, मिरी व इतर माल यांचें काम लिस्बनमधील 'कासा द इंदिया' पाही. पैशाचा व्यवहार खजिन्याकडे असे. धर्मासंबंधींचे प्रश्न १५३२ सालीं स्थापन झालेल्या एका मंडळाकडे जात, ज्याच्या नांवाचा अर्थ 'सदसद्विवेकाचें व संघांचें मंडळ' असा होतो. १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे होती, तेव्हां महत्त्वाचे कागद माद्रिदलाहि पाठवावे लागत. १६०४ सालीं हिंदुस्थानसाठीं एक स्वतंत्र मंडळ निघालें, पण तें दहा वर्षांतच मोडलें. पुढें पोर्तुगाल स्वतंत्र झाल्यावर चौथा जुवांव या राजानें १४ जुलै १६४२ रोजीं समुद्रपार मंडळाची सनद काढली, व पुढील वर्षीं त्याचें काम सुरू झालें. तें मंडळ १८३३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोनशें वर्षें, टिकलें.

त्या सनदेंतील बारकावे मनोरंजक आहेत. एक अध्यक्ष, तलवार गाजविलेले दोन सरदार, एक कायदेपंडित, एक चिटणीस व दोन दरवान, एवढीच ती कचेरी. एवढ्या माणसांनीं हिंदुस्थान, ब्राझील, गिनी, सांव तोमे व केप व्हर्द यांचा कारभार पाहावयाचा. आठवड्याचे वारहि वांटून दिलेले होते. सोमवार, मंगळवार व बुधवार हिंदुस्थानचे. गुरुवार व शुक्रवार ब्राझीलचे. शनिवार उरलेल्या ठिकाणांचा. हिंदुस्थान म्हणजे त्यांच्या भाषेंत मोझांबिकपासून मकावपर्यंतचें सर्व कांहीं. तेव्हां त्या तीन दिवसांत वसईच्या वांट्यास किती घटका येत असतील याचा विचार वाचकांनींच करावा. पुढें ब्राझीलमध्यें साखरेच्या जोडीस सोनें निघालें, तेव्हां सनदेंतले वार कांहींहि असोत, कचेरीचें लक्ष गुरुवार-शुक्रवारकडेच अधिक लागलें.

कामाची रीत अशी होती. हिंदुस्थानांतून आलेलें पत्र किंवा एखाद्या उमेदवाराचा अर्ज मंडळापुढें वाचला जाई. सभासद आपलें मत देत. चिटणीस तें एका कागदावर उतरवून राजाकडे पाठवी. राजाला मत मान्य असेल तर तो समासांत 'वाटतें तसें' अशा अर्थाचे दोन शब्द लिही. त्या दोन शब्दांनीं कोणी कप्तान होई, कोणाची पेन्शन ठरे, कोणाचा अर्ज कायमचा बासनांत जाई. सेमिनरींत लॅटिन शिकलेल्या माणसास हे जुने पोर्तुगीज कागद अडखळत कां होईना वाचतां येतात. आणि त्यांतील एकसारखी नम्र, संथ भाषा वाचतांना कधींकधीं विसर पडतो कीं, हीं माणसें कोणाच्या तरी शेताविषयीं व भाकरीविषयीं लिहीत आहेत.

आतां या कचेरीचा खरा शत्रु कोण होता तें सांगतों. तो डच नव्हे, अरब नव्हे, मराठाहि नव्हे. तो वारा होता. लिस्बनहून जहाजें मार्च-एप्रिलांत सुटत व सप्टेंबर-ऑक्टोबरांत गोव्यास लागत. परतीचीं जहाजें डिसेंबर-जानेवारींत निघून पुढील उन्हाळ्यांत लिस्बनला पोहोंचत. म्हणजे लिस्बनमधील प्रश्नास गोव्याचें उत्तर मिळण्यास सरासरी दीड वर्ष. आणि गोव्याच्या प्रश्नास लिस्बनचें उत्तर, मधल्या सवडीसह, दोन वर्षांच्या घरांत. एखादें जहाज बुडालें तर तेंहि नाहीं. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या पत्राच्या दोनतीन नकला करून त्या वेगवेगळ्या जहाजांतून पाठवीत, व प्रत्येकीवर ती पहिल्या वाटेची कीं दुसऱ्या वाटेची हें लिहून ठेवीत.

मग गव्हर्नर मेला तर? नवा माणूस येईतों दोन वर्षें राज्य ओस ठेवतां येत नाहीं. त्यावर लिस्बननें युक्ति काढली ती मोहोरबंद लखोट्यांची. गव्हर्नराबरोबरच कांहीं बंद लखोटे पाठविले जात. तो मेला कीं पहिला फोडावयाचा, त्यांत ज्याचें नांव असेल तो गव्हर्नर. तो मेला कीं दुसरा. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजीं कोचीनला वारला, तेव्हां पहिला लखोटा फुटला व हेन्रिक द मेनेझिस गव्हर्नर झाला. तो १५२६ च्या आरंभीं वारला. पुढला लखोटा फोडला तों आंत नांव निघालें पेरू मास्करेन्हश याचें. परंतु हा गृहस्थ होता मलाक्क्यास! वारा अनुकूल होऊन तो येईपर्यंत महिनेच्या महिने जाणार. म्हणून आणखी एक लखोटा फोडला; त्यांत लोपु वाझ द सांपायु याचें नांव होतें, व मास्करेन्हश येईपर्यंत त्यानें काम पाहावें असें ठरलें. इतक्यांत लिस्बनहून नवे लखोटे आले, त्यांत नांवांचा क्रमच बदललेला! खजिन्याचा मुख्य अधिकारी अफोंसु मेशिया यानें ते फोडून सांपायुचा पक्ष उचलला. १५२७ सालीं मास्करेन्हश कोचीनला उतरूं लागला तेव्हां त्याच्यावर हत्यार चाललें. तो जखमी झाला, पुढें बेड्यांत पडला. आणि शेवटीं पंचांनीं सांपायुच्या बाजूनें निवाडा दिला. परंतु १५२९ सालीं नवा गव्हर्नर आला त्यानें सांपायुलाच कैद करून लिस्बनला रवाना केलें. तो नवा गव्हर्नर म्हणजेच आपली वसई घेणारा नूनो द कुन्हा. तोहि सुखानें घरीं पोहोंचला नाहीं. १५३९ सालीं परतीच्या वाटेवर समुद्रांतच वारला.

हा झाला सर्वांत वरच्या जागेचा प्रकार. खालच्या जागा कशा भरीत, याचा आपल्या गांवांशीं अधिक जवळचा संबंध आहे. व्हाइसरॉयची मुदत तीन वर्षें, किल्ल्याच्या कप्तानाची तीन वर्षें, वखारीच्या अधिकाऱ्याची तीन वर्षें. बहुतेक हुद्दे असेच त्रैवार्षिक. आणि हुद्दा हा लायकीवरून नव्हे, तर केलेल्या चाकरीचें बक्षीस म्हणून मिळे. शिपाई किंवा सरदार हिंदुस्थानांत आठ-दहा वर्षें लढला कीं तो निरनिराळ्या कप्तानांकडून दाखले गोळा करी, ते बांधून लिस्बनला जाई, अगर कोणा नातलगाकडे पाठवी, व राजाकडे मागणें करी. राजा उदार असला म्हणजे त्याला अमुक किल्ल्याची तीन वर्षें बक्षीस मिळत. पण बक्षीस मिळालें म्हणजे जागा मिळाली असें नव्हे. त्याच जागेची सनद पूर्वीं ज्यांना दिली असेल ते सर्व आपापलीं तीन तीन वर्षें भोगून उतरले कीं मग याची पाळी. कित्येकांची पाळी येण्यापूर्वीं स्वर्गाचें बोलावणें आलें. म्हणून अशी सनद वारसास, मुलीस हुंड्यांत देण्याची परवानगीहि मागितली जाई. राजाच्या आश्रयाखालील अनाथ मुली लिस्बनहून गोव्यास पाठवीत. जो त्यांच्याशीं लग्न करील त्याला हुंडा म्हणून एखादा हुद्दा मिळे. वखारीचे हिशेब त्या नवऱ्याला येतात कीं नाहीं, हें विचारण्याची चाल नव्हती.

हुद्दा असा मालमत्ता झाला म्हणजे पुढें काय होतें हें सांगावयास नको. वीस वर्षें कर्ज काढून वाट पाहिलेला मनुष्य तीन वर्षांसाठीं किल्ल्यांत येतो. पहिलें वर्ष कर्ज फेडण्यांत, दुसरें घर भरण्यांत, आणि तिसरें चौकशी कशी टाळावी याच्या विवंचनेंत! चौकशी होत असे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. मुदत संपली कीं न्यायाधीश येऊन लोकांच्या तक्रारी ऐकून घेई, व त्याचे कागद वर जात. न्यायाधीशांचा वर्ग मात्र निराळा होता. कोइंब्राच्या विद्यापीठांत कायदा शिकून, लिस्बनमध्यें परीक्षा देऊन मगच त्यांना राजाची नेमणूक मिळे. समुद्रपार जाणाऱ्या साऱ्या नोकरवर्गांत विद्येची परीक्षा घेतली जाई ती बहुतेक याच एका वर्गाची. परंतु ते थोडे, आणि गोव्याचें वरिष्ठ न्यायालय वसईपासून दूर.

१६१४-१५ च्या सुमारास तर स्पेनच्या राजाच्या हुकुमानें किल्ल्यांच्या कप्तानक्या गोव्यांत उघड उघड विकण्यांत आल्या. खजिना रिकामा होता; जो अधिक बोली देईल त्याला किल्ला. आपला 'लिलाव' शब्द याच प्रसंगीं जन्मला असें मी म्हणत नाहीं, परंतु त्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. या साऱ्या प्रकारावर सर्वांत कडक टीका केली ती त्यांच्याच एका माणसानें. दियोगु द कोतु हा तरुणपणीं हिंदुस्थानांत शिपाईगिरी केलेला मनुष्य १५९५ सालीं गोव्याच्या सरकारी दफ्तरखान्याचा रक्षक नेमला गेला. त्यानें एका जुन्या शिपायाच्या तोंडून संवादरूपानें कप्तान, न्यायाधीश, खजिनदार या सर्वांचीं बिंगें बाहेर काढलीं. त्याच्या मरणानंतर पावणेदोनशें वर्षांनीं, १७९० सालीं, तें पुस्तक लिस्बनमध्यें छापलें गेलें. दफ्तर सांभाळणाऱ्यानेंच असें लिहावें यांत मला नवल वाटत नाहीं; कागदावर काय लिहिलें आहे आणि घडतें काय, हीं दोन्हीं त्याच्याइतकीं जवळून दुसरें कोण पाहणार?

आतां वसईकडे वळूं. येथें कप्तान, वखारीचा अधिकारी, न्यायाधीश व ठाणेदार असे राजाचे मुख्य नोकर असत. पुढें संपूर्ण उत्तर प्रांताचा सेनापतीहि येथेंच राहूं लागला. गांवें मात्र राजाचे नोकर चालवीत नसत. तीं पोर्तुगीज सरदारांना व मठांना ठराविक खंडानें, पुष्कळदां तीन पिढ्यांच्या बोलीनें, दिलेलीं असत; त्याबद्दल गांवकऱ्यानें सरकारास खंड भरावा व प्रसंगीं घोडा व हत्यार घेऊन हजर व्हावें. प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ओर्ता याला मुंबईचें बेट याच रीतीनें मिळालें होतें. १५५४ सालीं खजिन्याचा अधिकारी सिमांव बोतेल्यु यानें या साऱ्याची एक मोठी वही तयार केली. त्या वहींत वसईच्या उत्पन्नाच्या बाबी आहेत, खंड आहेत, आणि सरकारी पगारदारहि आहेत. धर्मकार्याचा खर्च राजानें सोसावयाचा असल्यामुळें कप्तान व पाद्री एकाच सरकारी हिशेबांत भेटतात.

पण वही बोतेल्युची असली तरी गांवोगांवचा वसूल गोळा करून हिशेब ठेवणारा कोण? ओर्ता यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत वसईच्या लोकांच्या जाति सांगतांना 'पारू' नांवाच्या लोकांचा उल्लेख केला आहे. ते राजाचा व इतर लोकांच्या जमिनींचा वसूल गोळा करतात व व्यापारहि करतात, असें तो म्हणतो. हे आपले परभू. गांवांत म्हातरे होते, पाटील होते. तीन वर्षांनीं कप्तान बदले, पण परभू बदलत नसे. कोणत्या शेताला पाणी पोहोंचतें, कोणतें खारें झालें, कोणाचा बैल मेला, हें त्याला ठाऊक. लिस्बनच्या कचेरीनें ज्यांच्या नेमणुका केल्या त्यांच्यापेक्षां ज्यांचीं नांवें तिला कधीं कळलीं नाहींत त्यांनींच राज्य अधिक चालविलें, असें माझें मत या कागदांवरून झालें आहे. आणि त्यांच्याहि खालीं जो राबत होता त्याची स्थिति इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी यानें १६९५ सालीं पाहिली. गांवचे धनी कुळांना गुलामांप्रमाणें वागवितात, कोणी कंटाळून दुसऱ्या गांवीं पळाला तर त्याला जबरीनें परत आणतात, अशा अर्थाचें त्यानें लिहिलें आहे. तीं कुळें म्हणजे आपले खापरपणजे. ज्यांनीं त्यांस पळवून परत आणलें ते त्यांचेच धर्मबंधु होते, हें लिहितांना लेखणी जड होते. पण महोत्सवाच्या दिवशीं पूर्वजांचें नांव घ्यावयाचें तर त्यांचें दुःख वगळून कसें घेणार?

वरच्या जागा देशी माणसास मिळत नसत, मग तो ख्रिस्ती असो वा नसो. धर्मकार्यांतहि तीच तऱ्हा. बिशपांचीं नांवें सुचविण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता. दिवाडी बेटावरचा मातेव्हुस द कास्त्रु हा ब्राह्मण तरुण गोव्यांत गुरुदीक्षा मिळेना म्हणून रोमला गेला, १६३१ च्या सुमारास तेथें गुरु झाला, व १६३७ सालीं बिशपहि झाला. परंतु रोमनें नेमलेला हा बिशप राजाच्या यादींतला नव्हता, आणि गोव्याच्या अधिकाऱ्यांनीं त्याला अखेरपर्यंत जवळ केलें नाहीं. १६७७ सालीं तो रोमांतच वारला.

दूरच्या कचेरीचा हुकूम जागेवर कसा फिरतो याचें उत्तम उदाहरण मुंबईचें आहे. २३ जून १६६१ च्या तहानें पोर्तुगालनें आपली राजकन्या व तिच्याबरोबर मुंबईचें बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजास दिलें. इंग्रजांचीं जहाजें १६६२ च्या सप्टेंबरांत येऊन उभीं राहिलीं. व्हाइसरॉय अंतोनियु द मेलु इ कास्त्रु मात्र बेट देईना. आधीं सनदेंत दोष काढला, मग हद्दीचा वाद, मग पुन्हां लिस्बनला पत्र! बिचारा सर एब्राहम शिपमन, ज्याच्या नांवानें अधिकारपत्र होतें, तो आपल्या शिपायांसह अंजदीव बेटावर वाट पाहत १६६४ सालीं मेला. १८ फेब्रुवारी १६६५ रोजीं, म्हणजे तहानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळानें, त्याचा चिटणीस हंफ्री कुक याच्या हातीं मुंबई पडली. इंग्रज मुंबईंत बसले कीं हिंदुस्थान गेलेंच समजावें, असा इशारा व्हाइसरॉयनें आपल्या राजास दिला होता. लिस्बनला ही वसईशेजारची बंदराची जागा काय आहे तें ठाऊक नव्हतें. गोव्याला ठाऊक होतें. परंतु सही लिस्बनची चालते.

१७३६ सालीं पांचवा जुवांव राजानें कारभारांत मोठा फेरफार केला. आरमार व समुद्रपारचा मुलूख यांसाठीं स्वतंत्र मंत्र्याची कचेरी काढली, व जुनें मंडळ हळूहळू मागें पडलें. पण नव्या कचेरीची शाई वाळते न वाळते तोंच, १७३७ च्या वसंतांत मराठे साष्टींत उतरले. ठाण्याचा किल्ला तेव्हां अर्धवट बांधलेला होता. व्हाइसरॉय सांदोमिलचा काउंट गोव्यांत बसून माणसें व पैसा जमवीत होता, परंतु गोव्यांतहि दोहोंची टंचाईच. आणि लिस्बनला कळवून मदत येण्यास दोन वर्षें. चिमाजी आप्पांनीं १७३९ च्या फेब्रुवारींत वसईस वेढा घातला. सेनापति मार्तिन्यु द सिल्व्हैर तटावर पडला. आणि मे महिन्याच्या मध्यास कप्तान कैतानु द सोझ परैर यानें तहावर सही करून किल्ला खालीं केला. मे महिना! परतीचीं जहाजें जानेवारींतच गेलेलीं. नेहमीच्या वाटेनें ही बातमी लिस्बनला जावयाची ती पुढल्या हिवाळ्याच्या जहाजांनीं. आणि ती पोहोंचेपर्यंत वसईच्या जागांसाठीं आलेले अर्ज त्या कचेरींत नेहमींप्रमाणें वाचले जात असतील.

गोवा व लिस्बन यांच्यामधील या पत्रव्यवहाराचे जाडजूड खंड पणजीच्या दफ्तरखान्यांत आहेत. जहाजांच्या हंगामावरून त्यांना 'मोसमाचीं पुस्तकें' असें नांव पडलें. त्यांत वसईचीं गांवें वारंवार येतात, खंड चुकला म्हणून, तट पडला म्हणून, कोणा विधवेचा गांव दुसऱ्यानें बळकावला म्हणून. कुळाचें नांव फार शोधावें लागतें.

२ एप्रिल १७६१ रोजीं लिस्बनमध्यें आणखी एक हुकूम निघाला. मंत्री पोंबाल याच्या प्रेरणेनें राजा जुझे यानें जाहीर केलें कीं, हिंदुस्थानांत जन्मलेल्या ख्रिस्ती प्रजेस पोर्तुगालांत जन्मलेल्यांच्या बरोबरीचा मान व हुद्द्यांचा हक्क आहे, व त्यांस हिणवून बोलणारास शिक्षा होईल. गोव्याच्या अधिकाऱ्यांस हा हुकूम रुचला नाहीं; तो दाबून ठेवण्यांत आला, दोन वर्षांनीं पुन्हां पाठवावा लागला, आणि तेथें जाहीर झाला तो १७७४ सालीं. तेव्हां वसई मराठ्यांकडे जाऊन पस्तीस वर्षें झालीं होतीं, व येथील ख्रिस्ती लोकांस त्या हुकुमाचा कांहीं उपयोग उरला नव्हता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला, आणि साष्टीचीं गांवें लंडनमधील दुसऱ्या एका कचेरीच्या वह्यांत लिहिलीं जाऊं लागलीं.